आत काय आहे?

पोस्टाच्या खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी खोका उचलून जरासा हलवला, काट्यावर ठेवला आणि मान वर न करता विचारले, "आत काय आहे?"

"कपडे," मी म्हणाले.

"खायचं-प्यायचं काही नाही ना, काकू?"

"नाही हो."

सारे आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेले. गृहपाठाची वही घरी विसरली, ही थाप चेहऱ्यावरून ओळखण्यात माझा हात धरणारे शाळेत कोणी नव्हते. माझी थाप मात्र त्या गृहस्थांना ओळखता आली नाही. किंवा आलीही असेल आणि मागची रांग पाहून त्यांनी ती सोडून दिली असेल.

ही २०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मुलगी मेलबर्नला, दिवस भरत आलेले. पहिले बाळंतपण, पण इकडे ह्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, तेव्हा माझे जाणे शक्य नव्हते. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला आई नाही, ही गोष्ट आमच्या पिढीच्या बायकांना किती लागते ते मी वेगळे सांगायला नको. मी जाऊ शकत नव्हते म्हणून माझ्याऐवजी तो खोका चालला होता. खोक्यात वरती तीन दुपटी, चार झबली, दोन टोपडी होती आणि त्यांच्याखाली गोधडी. आमच्या सातारकडे तिला वाकळ म्हणतात. माझी आई २०१९ च्या पावसाळ्यात गेली. तिची नऊवारी लुगडी मी जपून ठेवली होती. त्यांतल्या एका इरकलीचा काठ अजून नव्यासारखा होता. दोन महिने दुपारच्या उजेडात बसून मी त्यांची गोधडी शिवली. पणजीच्या लुगड्यात पतवंड निजावे, एवढीच इच्छा.

हे झाले खोक्यातले खरे. आता खोटे. गोधडीची गुंडाळी करताना मी तिच्या पोटात एक किलो आंबेमोहोर तांदूळ ठेवला. बाळंतिणीला मऊ भात याच तांदळाचा हवा. शिवाय पाव किलो अळीव, बाळंतशेपा, निवडून ठेवलेले धने-जिरे. आणि वाटेत तांदळाला कीड लागू नये म्हणून पुरचुंडीत कडुनिंबाच्या चार सुकलेल्या डहाळ्या. "हे सगळं इथं मिळतं गं आई," असे मुलगी दहादा म्हणाली होती. पण काही वाक्ये आयांना ऐकू येत नाहीत.

मग तो फॉर्म. परदेशी पार्सल पाठवलेल्यांना तो ठाऊक असेल: सीएन २३. लहानसहान पाकिटांना सीएन २२ नावाचे चतकोर लेबल पुरते; पार्सलाला हा मोठा कागद. जगातल्या बहुतेक सगळ्या देशांत तो याच नावाने ओळखला जातो, कारण तो ठरवणारी संस्था एकच आहे. १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात बावीस देशांनी टपालाचा करार केला. भारत त्यात १८७६ मध्ये सामील झाला. नऊ ऑक्टोबरला आपण टपाल दिन साजरा करतो तो या कराराच्या स्मरणार्थ. करारामुळे एका देशाचे तिकीट दुसऱ्या देशाने मानायचे ठरले. पण खोक्याच्या आत काय चालेल आणि काय नाही, हे ज्याच्या त्याच्या दाराशी ज्याने त्याने ठरवायचे. म्हणून हा कागद. प्रत्येक वस्तूचे नाव, नग, वजन, किंमत, ती कुठल्या देशात झाली, सारे लिहायचे. अलीकडे ही माहिती संगणकात भरली जाते आणि पार्सल विमानात चढण्याआधीच पलीकडे पोचते.

गोधडीच्या किमतीपाशी माझे पेन थांबले.

"किंमत काय लिहू?"

"काहीतरी टाका हो काकू. पाचशे टाका."

आईची लुगडी आणि माझे दोन महिने मी पाचशे रुपयांत बसवले आणि पुढे गेले. कागदाच्या शेवटी एक वाक्य असते. वरील माहिती खरी असून यात टपालाच्या वा जकातीच्या नियमांनी मना केलेली कोणतीही वस्तू नाही, अशा अर्थाचे. त्याखाली मी सही केली. मुख्याध्यापिका असताना दाखल्यांवर करीत असे, तशी लफ्फेदार.

नात चार मार्चला झाली. पार्सल मेलबर्नला पोचल्याचे जावयांनी मोबाईलवर पाहून सांगितले होते. पण पोचले आणि तिथेच बसले. नात आठ दिवसांची असताना तिथल्या सरकारी खात्याचे पत्र मुलीच्या हातात पडले. पार्सलात न सांगितलेले धान्य, बिया आणि झाडाचा पाला सापडला आहे. तेवढे नष्ट करण्यात येईल. ज्या कापडात ते गुंडाळले होते त्याबाबत तीन पर्याय आहेत: स्वतःच्या खर्चाने त्यावर प्रक्रिया करून घ्या, स्वतःच्या खर्चाने परत पाठवा, नाहीतर तेही नष्ट होईल. कुठला ते कळवा.

मुलीचा फोन आला तेव्हा इथे दुपार होती.

"आई, फॉर्मवर तू फक्त कपडे लिहिलंस?"

"अगं, मूठभर तांदूळ तर..."

"किलोभर. आणि पार्सलवर नाव माझं आहे. आमचा पीआरचा अर्ज चालू आहे, आई. तुला कळतंय का काही?"

मागे बाळ रडत होते. मुलगी माझ्याशी इतक्या कोरड्या आवाजात कधी बोलली नव्हती. बाळंतिणीने भात खायचा सोडून सरकारी पत्रांना उत्तरे लिहीत बसावे, हे मी तिला पाठवले होते.

पण खरे सांगते, त्या दिवशी मला पश्चात्ताप झाला नाही, संताप आला. अन्न जाळतात म्हणजे काय? ज्या देशातल्या दुकानांत आपला तांदूळ पोत्यांनी विकला जातो, त्या देशाला माझा एक किलो जड व्हावा? ह्यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला. दोन दिवसांनी जावयांनी तिथल्या खात्याची एक यादी पाठवली. सोबत निरोप होता, 'आई, रागावू नका, पण हे एकदा वाचा.' चष्मा लावून वाचायला बसले. तांदूळ, गहू, हरभरे, मूग, मसूर, तूर, धने, जिरे, बडीशेप, शेंगदाणे, वाळलेल्या मिरच्या. आमच्या वाण्याची महिन्याची यादीच जणू! २०२० पासून यांतले काहीही खासगी टपालाने त्या देशात न्यायला बंदी आहे. आणि ही सारी बंदी एका किड्यापायी. त्याचे नाव वाचून मी दचकलेच: खापरा. इंग्रजी यादीत हा आपल्याकडचा शब्द!

दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा. तो स्वतः फारसे खात नाही. खाते ती त्याची केसाळ अळी. साठवलेल्या धान्याचा ती भुगा करते आणि तिच्या गळलेल्या केसांनी उरलेले धान्यही खाण्याजोगे राहत नाही. भिंतीच्या, फळीच्या, पोत्याच्या शिवणीच्या फटीत ही अळी काही न खाता वर्षानुवर्षे दबा धरून राहू शकते, आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. तिचे मूळ घर भारतीय उपखंड मानतात. तिथून ती पोत्यांतून, जहाजांतून जगभर गेली. कॅलिफोर्नियात ती १९५३ साली सापडली आणि तिला हुसकायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी २००७ साली स्थलांतर करून आलेल्या एका कुटुंबाच्या घरसामानात ती निघाली, तेव्हा सबंध घर आच्छादून त्याला धुरी द्यावी लागली. २०२० मध्ये तर ती परदेशातून आलेल्या लहान मुलांच्या उंच खुर्च्यांबरोबर निघाली. खुर्चीत धान्य कुठले? पण ज्या पेटाऱ्यातून त्या आल्या त्याच्या फटींत आधीच्या कुठल्यातरी खेपेचे असावे. गव्हाच्या निर्यातीवर पोट असलेल्या देशाने याला घाबरू नये तर काय करावे?

यादी वाचताना मला माझी आजी आठवली. वैशाखात ती सारे धान्य अंगणात उन्हाला घाली, कणग्या शेणाने लिंपून घेई, जोंधळ्यात राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळी. एखाद्या पोत्यात केसाळ अळी दिसली तर ते पोते घरात येऊ देत नसे. मग ते सख्ख्या भावाकडून आलेले का असेना. आजी जे आमच्या उंबऱ्यावर करी, तेच तो देश आपल्या उंबऱ्यावर करतो आहे. आजीचे मला कौतुक, आणि त्यांचा राग!

दुधाच्या पदार्थांचेही असेच. पेढे, बर्फी, खव्याचे काही त्या देशात पाठवायची सोय नाही. याचे कारण आपल्या शेतकऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही: लाळ्या-खुरकूत. हा रोग माणसाला सहसा होत नाही, पण त्याचे विषाणू मांसातून, दुधाच्या पदार्थांतून दूरवर जाऊ शकतात. आपल्याकडे तो मुरलेला, त्यांच्याकडे नाही. २०२२ साली तो इंडोनेशियात पसरला, तेव्हा तिकडून येणाऱ्या प्रवाशांना विमानतळावर औषधात भिजवलेल्या पायपुसण्यांवरून चालवण्यात आले. मी दहा वर्षांची असताना मामांच्या बैलजोडीला ही लागण झाली होती. ऐन पेरणीचे दिवस. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत जखमा, बैल वैरणीला तोंड लावीनात. मामा गोठ्यात नुसते बसून असत. त्या वर्षी पेरणी उसन्या बैलांनी आणि उशिरा झाली, आणि दिवाळीला मामाकडे बोलावणे आले नाही. इतके पाहिलेल्या बाईने परदेशी मुलीला 'बर्फीचा एक डबा कुणाबरोबर तरी धाडते' असे म्हणू नये. मी म्हटले होते.

आणि आपल्याकडे कोणी दार राखले नाही तेव्हा काय झाले, हे पाहायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. ज्याला आपण गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो, त्याची आपल्या देशातली पहिली नोंद १९५५ च्या सुमाराला पुण्यात झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे मानतात. आज ते नाही असा रस्ता दाखवा. अंगाला खाज, कुणाला दमा, गुरे तोंड लावत नाहीत, पीक दबून जाते. शाळेच्या श्रमदानात मुलांना घेऊन मी ते किती वर्षे उपटले असेल! कोणाच्या तरी पोत्यातल्या चिमूटभर बियांची ती करामत.

याचा अर्थ सारेच नियम मला पटले, असे मात्र नाही. नियमांत उजवे-डावे असते. नातीच्या बारशाला चांदीचे वाळे पाठवावेत असे मनात होते. विमा न उतरवलेल्या टपालातून सोने-चांदी, दागिने, नोटा घालू नयेत असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. तो समजला, ठीक. पण आमच्या देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण? सासूबाईंच्या आजेसासूबाईंनी तो माहेराहून आणलेला. मुलगी म्हणाली होती, घरात पाळणा हलतोय, तर तो इकडे दे. तेव्हा चौकशी करता कळले की आपला १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवू देत नाही. मग ती देवळातली असो की देव्हाऱ्यातली. शंभरीच्या आतली असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरातन नव्हे' असा दाखला घ्यायचा. मूर्तिचोरांनी देशाचे इतके लुटले आहे की या कायद्याला नावे ठेवायला जीभ रेटत नाही. पण बोटभर उंचीच्या आमच्या बाळकृष्णाला अशा रीतीने सरकारी संरक्षण मिळाले, याची गंमतही वाटते. तो इथेच आहे, रोज दुधाची वाटी पुढे घेऊन.

काही नियमांत तर कसलेच भय नसते, नुसता हिशेब असतो. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या सरकारने परदेशातून टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंची जकातमाफी बंद केली. अपवाद दोनच, प्राणरक्षक औषधे आणि राखी. राखी चालेल, राखीसोबतची भेट चालणार नाही, असा खुलासाही त्यात आहे. तो मजकूर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला बहीण असेल का, असा प्रश्न मला पडला. आणि २०२५ चे अमेरिकेचे प्रकरण तर ताजेच आहे. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला तिकडे असलेली जकातमाफी ऑगस्टच्या अखेरीस संपायची होती. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी वगळल्या होत्या खऱ्या. पण जकात गोळा कोणी करायची, कशी भरायची, याचाच पत्ता नव्हता. विमान कंपन्या टपाल घेईनात. २५ ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याने अमेरिकेचे बुकिंग जवळजवळ थांबवले आणि महिना सरता सरता पत्रेसुद्धा बंद झाली. आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा टेक्सासला. गणपतीपासून त्या रोज विचारीत, "सुरू झालं का हो?" पंधरा ऑक्टोबरला सुरू झाले तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. चकल्यांना दिवाळीपूर्वी अमेरिका गाठणे जमण्यासारखे नव्हते; खासगी कुरिअरचा दर ऐकून वहिनी खुर्चीत बसल्या. या बंदीत ना कीड होती, ना रोग. इथे माझा आजीचा दाखला चालत नाही.

माझी खरी तक्रार आणखी वेगळी आहे. पोस्टाच्या त्या खिडकीपाशी, जिथे आमच्यासारख्या साठी उलटलेल्या बायका खोके घेऊन उभ्या असतात, तिथे यातले काहीच मराठीत लिहिलेले नव्हते. 'मनाई असलेल्या वस्तू' एवढे म्हणून भागत नाही. लाल मिरची का नको, तांदूळ का नको, हे दोन वाक्यांत सांगितले तर निम्म्या आया घरूनच पिशवी रिकामी करून येतील. मी आले असते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या वेळी नाही. पण निदान सही करताना हात थोडा कापला असता.

गोधडी वाचली. मुलीने पहिला पर्याय निवडला, पैसे भरले, आणि 'आईला नियम ठाऊक नव्हते, चूक आमची आहे' असे पत्र लिहून दिले. 'आईची' नव्हे, 'आमची'. मी ते पत्र नंतर पाहिले. अर्जावर त्याचा काही परिणाम झाला नाही, पण तो निकाली निघेपर्यंतचे सात महिने फोनवर आम्ही दोघी पार्सल हा शब्द टाळत होतो. गोधडी घरी आली तेव्हा नात सात आठवड्यांची होती. तांदूळ, अळीव, शेपा गेले ते गेलेच. शेजारच्या भारतीय दुकानातून जावयांनी आंबेमोहोरच आणला होता. रीतसर तपासून, दाखल्यासह पोत्यांनी आलेला. मऊ भात तिने त्याचाच खाल्ला.

"गोधडी कशी आहे?" मी विचारले.

"छान आहे. काठ तसाच आहे." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण आई, आजीचा वास गेला गं. कसलाच वास येत नाही आता."

प्रक्रियेत तो गेला असावा. लुगड्यांच्या घडीत आई कापूर आणि वाळा ठेवी. ट्रंक उघडली की खोलीभर दरवळे. शिवताना दोन महिने तो माझ्या हातांना येत होता. त्यावर मी काय बोलणार? तांदूळ मीच ठेवला होता.

गेल्या डिसेंबरात नातीसाठी पुन्हा एक खोका केला. त्याच पोस्टात गेले. खिडकीत तेच गृहस्थ, केस थोडे अधिक पिकलेले.

"आत काय आहे, काकू?"

मी घरून लिहून नेलेला कागद काढला आणि वाचू लागले. लोकरी स्वेटर, हाताने विणलेला, नग एक. मराठी बालगीतांची पुस्तके, नग तीन. सुती परकर-पोलके, नग दोन. कापडी बाहुली, आत कापूस, नग एक. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"बाहुलीत फक्त कापूसच ना? काही बिया-बिया, भुसा नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "उसवून दाखवू का?"

"राहू द्या," म्हणून त्यांनी खोका काट्यावर ठेवला.